सात पुड्या नखांच्या

फाट्यावर उतरून दोघींना अर्धा तास झाला होता. बाभळीची रांग संपली, नाल्यावरची मोरी मागे पडली, तरी शकुनच्या तोंडातून जे निघायला हवं होतं ते काही निघत नव्हतं. बोटांच्या पेरांवर ती देवाचं नाव मोजत चालली होती. सत्तावीसपर्यंत पोचे आणि पुन्हा कुठंतरी अकराच्या आसपास घसरे. पुढे नईमाबी, डोक्यावर बांगड्यांची टोपली, पाय असे उचलत होती की जणू वाट तिच्यासाठीच सारवून ठेवली आहे. फाल्गुन लागला होता. हरभरा निघालेला, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून बांधावर रचलेल्या, आणि काळ्या रानाला पाय अडकेल एवढ्या भेगा.

"काहून वं, आज तोंडात गुळणी धरली का?" नईमाबी मागे न वळताच म्हणाली.

"नाही आपा. ऊन आहे."

"ऊन काय तुले आज पहिल्यांदा भेटलं? उपास आहे तुहा, चतुर्थीचा. माह्या ध्यानात होतं म्हणून फाट्यावर केळी घेतली. खाऊन घे."

"गावात गेल्यावर खाईन."

"गावात गेल्यावर!" नईमाबी हसली. "उपास देवाचा अन् तोंड असं, जशी सासू मागून येऊन राहिली."

शकुनही हसली, पण ते हसू ओठांवरच वाळलं. तिच्या पिशवीत एक कागद होता. त्या कागदावर खारी सांगवीच्या सात बायांची नावं, समोर सात पुड्यांचे क्रमांक, आणि प्रत्येकीसमोर तीन आकडे. त्या आकड्यांपायी तिची तीन रात्रींची झोप गेली होती. आज शनिवार. सोमवारी भगवंतराव सर तहसिलीत पत्र देणार होते, आणि त्या पत्रानंतर खारी सांगवीची विहीर बंद होणार होती.

शकुन बडनेऱ्याची. वडील रेल्वेत खलाशी होते. शाळा मराठी, पुढे अमरावतीला रसायनशास्त्र, आणि मग त्याच कॉलेजात भगवंतराव सरांच्या हाताखाली संशोधनाचं काम. पूर्णेच्या दोन्ही अंगांना जो खारपाणपट्टा आहे, तिथल्या माणसांच्या अंगात हे खारं पाणी काय काय ठेवून जातं, हे सरांना मोजायचं होतं. खाऱ्या पाण्यात क्लोरीन असतो, त्याच्याबरोबर थोडा ब्रोमीन, कुठं आयोडीन. माणूस जे पितो, खातो, श्वासात ओढतो, त्यातला अंश नखात उतरतो. म्हणून नखं. मागच्या काही महिन्यांत अंगात काय गेलं ते नख सांगतं, आणि कापताना दुखतही नाही.

पण नखं देणार कोण? त्या वर्षांत वऱ्हाडात सर्वेवाल्यांचा सुळसुळाट होता. कुणी घरातली माणसं मोजायला येई, कुणी कर्जापायी फास लावून गेलेली माणसं मोजायला येई. दारात उभ्या राहिलेल्या शकुनला एक म्हातारी म्हणाली होती, "कोणी माती नेली, कोणी पाणी नेलं. आता नखं न्यायले आल्या. राहिलं काय मंग आमचं?" पहिल्या महिन्यात शकुनला चार पुड्याही भरता आल्या नाहीत.

तेव्हा कुणीतरी नईमाबीचं नाव सांगितलं.

नईमाबी माहेरची बार्शीटाकळीची, अकोल्यात दिलेली. नवरा बांगड्यांची टोपली घेऊन बाजार करायचा. तो गेला तेव्हा पोरगी महेजबीन कडेवर होती. चाळीसाव्या दिवसानंतर हिनं तीच टोपली डोक्यावर घेतली आणि बाजाराऐवजी गावं धरली. तीस वर्षं झाली. महेजबीनचं लग्न होऊन ती बाळापूरला नांदत होती, आणि नईमाबी अजून एसटीनं फाट्यापर्यंत आणि तिथून पायी, गाव पालथं घालत होती. बाईचा हात पाहिला की माप सांगायची. नवी नवरी असो की पाटलीण, तिच्या पुढ्यात बसली की हात ढिला सोडायची, कारण हात आखडला की बांगडी फुटते हे सगळ्यांना ठाऊक. बांगड्या भरून झाल्या की बाया तिच्या पाया पडत. ती डोक्यावर हात ठेवून म्हणे, "चुडा आबाद राहो." त्या वर्षांत काही दारांवरून मात्र ती टोपली न उतरवताच पुढे जाई. कुठल्या, ते तिला कुणाला विचारावं लागत नसे.

ज्या हातांपर्यंत सरकारचा कागद पोचत नव्हता, ते हात नईमाबीच्या मांडीवर रोज येत होते. शकुननं तिला सगळं समजावून सांगितलं. नखं धुवायची, वाळवायची, तोलायची, प्लास्टिकच्या इवल्याशा पुडीत बंद करायची. अर्धी पुडी कॉलेजच्या कपाटात राखून ठेवायची, अर्धी मुंबईला अणुभट्टीत पाठवायची. तिथं न्यूट्रॉनचा मारा झाला की नखातला क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन किरण टाकू लागतात. क्लोरीन आणि आयोडीन काही तासांत विझतात, ब्रोमीन दीड दिवसानं अर्ध्यावर येतो. प्रत्येकाचा किरण वेगळा, म्हणून यंत्राला कळतं कोण आहे आणि किती आहे.

नईमाबीनं टोपलीतली एक बांगडी उचलून तिच्यावर टिचकी मारली. "असं?"

"हो," शकुन चकित होऊन म्हणाली. "अगदी असंच."

"मंग काहून एवढं लांबवून सांगतं? टिचकी मारायची अन् आवाज ऐकायचा." मग जरा थांबून तिनं विचारलं होतं, "पण नखं वापस येतीन ना? आमच्यात नख अन् केस मातीत पुरतात. अंगाचं आहे ते. अंग जठी जाईन, तठीच ते जायले पाहिजे."

शकुनची आईसुद्धा शनिवारी नखं कापू द्यायची नाही, आणि कापलेली कागदात गुंडाळून खड्ड्यात टाकायला लावायची. त्यामुळे तिला त्यात काही वावगं वाटलं नाही. वेळ थोडा होता, काम अडलं होतं. ती म्हणाली, "मिळतील आपा."

बस, एवढे दोनच शब्द. तेवढ्यावर नईमाबीनं गावोगाव सांगितलं, "माह्या हातानं नेऊन राहिली, माह्या हातानं मातीत घालीन." बाया हसल्या आणि नखं दिली. बार्शीटाकळीच्यांनी दिली, अकोल्याच्यांनी दिली, दर्यापूरकडच्यांनी दिली. हिंदूंची, मुसलमानांची, बौद्धवाड्यातली, सगळ्यांची. नखं पाहून ओळखायचं म्हटलं तर कुणाच्या बापाला ओळखू आली नसती.

आणि मग खारी सांगवीचे आकडे आले. बाकी सगळीकडे एका घरातल्या सासू-सुनेचं जुळत नव्हतं. इथं सात घरांतल्या सात बाया, धाकटी अठराची, थोरली सत्तरीची, आणि सातही जणींचे तिन्ही आकडे जवळजवळ एकच. वर ब्रोमीन बाकीच्या गावांच्या आठपट.

"सातही घरं एकाच विहिरीवर भरतात," सर म्हणाले.

"पण सर, विहिरीचं पाणी आपण तपासलं होतं."

"पावसाळ्यात तपासलं होतं. पाणी खाली गेलं की बदलतं. शकुन, हा आकडा खरा असेल आणि आपण गप्प बसलो, तर पाप कुणाच्या माथी?" सर काही वाईट माणूस नव्हते. त्यांचा जीव खरंच कासावीस झाला होता. "विहीर तूर्त बंद करू. मग बघू."

खाऱ्या पाण्याच्या गावात गोड विहीर एकच होती. ती बंद करून मग काय बघायचं, हे शकुनला कळत नव्हतं. आणि दुसरी एक शंका होती, जी तिनं सरांना सांगितली नव्हती. ती शंका आत्ता तिच्यापुढं डोक्यावर टोपली घेऊन चालली होती.

"आपा," मैलाच्या दगडापाशी शकुन एकदम थांबली. "सांगवीच्या खेपेला मी नव्हते. तिथली नखं तुम्ही स्वतः कापली ना?"

"मंग कोण, तहसीलदारानं कापली?"

"सातही बायांची?"

"काय वकिलासारखं इचारून राहिली वं?" नईमाबीनं टोपली या बाजूची त्या बाजूला सरकवली. "कापली म्हणजे कापली."

"त्यांच्या नखांत विष निघालंय आपा, बाकी गावांच्या आठपट. सोमवारी विहीर बंद होणार आहे."

नईमाबी थबकली. टोपलीतल्या बांगड्या एकदाच किणकिणल्या. "कोणती विहीर?"

"गावात दुसरी कोणती आहे?"

 पुढचा सगळा रस्ता नईमाबी एवढी झपाझप चालली, की शकुनला मागे पळावं लागलं. तिचा जप केव्हाच सुटला होता.

विहिरीवर माणिकबाई होती. खारी सांगवीच्या सातांतली पहिली, आणि जिभेनं तर गावात पहिलीच. रहाटाची दोरी ओढता ओढताच तिनं पाहिलं. "या बाप्पा! बांगड्यावाली बी अन् नखंवाली मॅडम. आज काय पाहिजे, केस का दात? दात दोनच राहिले माह्ये, सांगून ठेवतो."

"पाणी पाज अगुदर," नईमाबी म्हणाली.

माणिकबाईनं बादलीतून पेला भरून शकुनच्या हातात दिला. "पी माय. आसपासच्या पाच गावात असं पाणी नाही. लग्नाले पोरी आमच्या गावात याच्यावरच येतात, पोरांकडं पाहून कोण येते!"

शकुननं पेला तोंडाशी नेला आणि तिचा हात तिथंच थांबला. घशाला कोरड होती. पाणी काचेसारखं दिसत होतं. पण डोळ्यांपुढं तो आकडा उभा होता, आणि माणिकबाई समोर उभी राहून तिच्याकडे बघत होती. पीत नाही म्हणावं तर काय कारण सांगावं? देवा, हे काय करून बसले मी, असं तिच्या मनात आलं.

नईमाबीनं टोपली खाली ठेवली. शकुनच्या हातातून पेला काढून घेतला आणि एका दमात रिकामा केला. तोंड पदरानं पुसलं.

"पी," ती म्हणाली. "विहिरीले काही झालं नाही."

"आपा..."

"माणिके, हात दाखव तुहा." माणिकबाईनं सवयीनं हात पुढे केला. नखं लांब, कडेला हळदीनं पिवळी. "हे पाह्य. हिनं मले नखं देल्लीच नाही. मी मागितलीच नाही." मग तिनं स्वतःचे दोन्ही हात पुढे केले.

दीड वर्ष शकुन या बाईबरोबर फिरत होती. तिच्या हातात दुसऱ्यांचे हात रोज पाहत होती. तिचे हात मात्र तिनं आज पहिल्यांदा पाहिले. दहाही बोटांची नखं जिव्हाळीपर्यंत कापलेली, अजून नीट न वाढलेली, दोन बोटांच्या कडेला जखमांचे वण.

"पायाचीही घेतली," नईमाबी म्हणाली. "दोन महिने जमवली. सात पुड्या भराच्या म्हणजे काय खेळ आहे?"

माणिकबाईचा जबडा उघडाच राहिला. "म्हणजे माह्या नावानं हिची नखं मुंबईले जाऊन आली? अन् मी अजून अकोला धड नाही पाहिला!"

कुणी हसलं नाही. शकुन म्हणाली, "का केलंत असं? दीड वर्षाचं काम आहे आपा. या सात पुड्यांवर विहीर बंद पडत होती. मला आधी का नाही सांगितलं?"

"तुले?" नईमाबी तिच्याकडे बघत राहिली. "सांगवीच्या अगुदर तू मुंबईहून आली तं तूच बोलली, तठी गेलेलं वापस नाही देत, बंद डब्यात ठेवतात. सहज बोलली तू, भजे खाता खाता. माह्या घशाखाली घास नाही उतरला. साठ बायांले जबान देऊन बसली होती मी. मंग सांगवीत कोण्या तोंडानं मागू? अन् तुले खाली हात पाठवू तं तुहं काम बुडते. म्हटलं, माही गेली तं गेली. मी कोणाले जबान देल्ली नाही माह्या नखांची."

 'मिळतील आपा.' कुणाचे होते ते शब्द? शकुननं ते बोलताना तोलले नव्हते. मिलिग्रॅमचा हजारावा भाग तोलणारी बाई ती, आणि शब्द मात्र मुठीनं उधळून मोकळी झाली होती.

विहिरीच्या काठावर बसूनच तिनं सरांना फोन लावला. रेंज येत होती, जात होती. "सर, पत्र देऊ नका. सातही नमुने बाद आहेत... हो, सातही. चूक माझ्याकडून झाली. सोमवारी समक्ष सांगते."  पलीकडून सर म्हणाले, "खारी सांगवी काढली तर आपल्या निष्कर्षात उरतं काय, शकुन?" शकुननं फोन बंद केला. तिनं पेला पुन्हा भरून घेतला आणि प्यायली. पाणी खरंच गोड होतं.

माणिकबाईनं जाताना दोघींना अडवलं. "बांगड्या नाही भरल्या तुनं."

"आज नको. आज माह्या हातानं फुटीन एखादी."

"फुटू दे. फुटली तं माही फुटीन." माणिकबाईनं तिथंच बसकण मारली, बांगड्या भरून घेतल्या, आणि मग रीतीप्रमाणे नईमाबीच्या पायाला हात लावला. नईमाबीनं तिच्या डोक्यावर हात ठेवला, पण या खेपेला ती काही म्हणाली नाही.

परतीला ऊन कलतं झालं होतं. विहीर वाचली म्हणून शकुनला हलकं वाटायला हवं होतं, आणि वाटत नव्हतं. पायाखालची वाट सरकत होती, मन मात्र जागचं हलत नव्हतं. तिनं केळं काढलं, सोललं, आणि अर्धं खाऊन हातात तसंच धरून ठेवलं. तिला माहीत होतं, हा प्रश्न येणार. तो नाल्याच्या मोरीपाशी आला.

"मंग ते आठपट कोणाचं वं?"

शकुननं उरलेलं केळं सालीत गुंडाळलं.

"मी अनाडी आहे, पण एवढी नाही. पुड्या माह्या. टिचकी तुम्ही माह्यावर मारली." नईमाबी मोरीच्या कठड्यावर टेकली. "आवाज काय आला, सांग."

"आपा, बांगड्यांशिवाय तुम्ही आणखी कुठं काम करता?"

"धंद्यात जीव कुठं राहिला आता? लग्नं पुढं ढकलतात लोकं. तीन वर्षं झाली, अकोल्यात धान्याच्या गोदामात झाडायले जातो. पोत्याईतून सांडलेलं झाडायचं, निवडायचं. पोत्याईवर ताडपत्री टाकून औषधाचा धूर सोडतात, किड्यासाठी. दोन-तीन दिवस दार बंद. उघडलं की आमी अंदर. जी पहिली घुसते तिले जास्त झाडण भेटते." तिनं डोळे बारीक केले. "डोळ्यातून पाणी येते. मी सगळ्यात पहिली घुसतो."

शकुननं तिला सांगितलं. अशा धुरीच्या औषधात ब्रोमीन असू शकतो. तोच नखात उतरला असावा. नक्की आत्ताच म्हणता येणार नाही, पुन्हा तपासावं लागेल, मोठ्या दवाखान्यात दाखवावं लागेल, आणि तोवर गोदामात पाऊल टाकायचं नाही. हे सगळं ती भरभर बोलत गेली. एकही वाक्य 'काही होणार नाही आपा' असं सुरू होणार नाही, एवढं मात्र तिनं सांभाळलं.

नईमाबी आपल्या बोटांकडे बघत होती. एकेका नखावरून अंगठा फिरवत होती, जसा बांगडीला चीर आहे का ते पाहायला फिरवतात. कोरड्या नाल्यात टिटवी ओरडत होती. लांब फाट्यावर एसटीची धूळ दिसायला लागली.

"चला आपा, गाडी चुकेल."

"चुकू दे. दुसरी येते सहाले." तिनं शकुनचा हात धरला, बांगडी भरताना धरते तसा, पंज्याच्या खालून. शकुनचा हात आखडलेला होता. तो ढिला होईस्तोवर नईमाबी थांबली.

"एक काम करशीन?"

"सांगा."

"हो म्हणू नको लगेच. ऐक अगुदर." ती म्हणाली. "ते कपाटात अर्ध्या पुड्या आहे ना, भट्टीत न गेलेल्या? तुह्या सरले इचार, भांड, काही कर, पण त्या मले आणून दे. सगळ्या बायांच्या. मी मातीत घालतो, माही जबान तेवढी तरी राहीन. माह्या सात मात्र आणू नको. त्या ठेव तुह्यापाशी, पाहिजे तेवढ्या वेळा टिचकी मार. अन् पुढल्या खेपेले मुंबईले जाशीन तं त्याच्या अगुदर गोदामात ये. आठ बाया आहे आमी तठी. मी हात धरतो त्याईचे, तू नखं काप. पण कापायच्या अगुदर, वापस भेटत नाही, हे तू सांग. तुह्या तोंडानं."